मदत हवी: ४८ ठुश्या आठ दिवसांत काळ्या, चवथ तोंडावर

म्हापशाची_बाय: लवकर सांगा, चवथीला अकराच दिवस उरलेत. शुक्रवारच्या बाजारासाठी इमिटेशनच्या ४८ ठुश्या आणल्या होत्या. आज डबा उघडला तर काळ्या! देणारा म्हणतो, 'मायक्रो प्लेटिंग आहे, काही होत नाही.' हा माल बनवतात तरी कसा? परत पिवळा होईल का? लोकांकडून आगाऊ पैसे घेतलेत.

पेडणेकर७: सगळ्या काळ्या की थोड्या? मणी की पदक? माल कुठला? फोटो टाका.

नाट्यवेडा_फोंडा: ताई, आमच्या जत्रेतल्या नाटकांचे दागिने वीस वर्षं मीच सांभाळतो. नखांचं पारदर्शक पॉलिश दोन हात मारा. माझी कर्णफुलं पाच वर्षं टिकली.

मुलामा: मी राजकोटला प्लेटिंगच्या कारखान्यात होतो. दादा, काळ्यावर पॉलिश मारलं तर काळं आत कोंडणार, दुसरं काही नाही.
ताई, मणी आणि पदक वेगवेगळ्या वाटेनं येतात. मणी पितळेच्या पत्र्याचे, डायखाली (लोखंडी ठशाखाली) दाबून केलेल्या दोन वाट्या जोडलेले. पदक बहुधा ओतीव. गोल रबरी साच्यात नक्षीचे खळगे असतात, मधून वितळलेला पांढरा धातू सोडतात आणि साचा गरागरा फिरवतात. त्या जोरानं धातू बारीक नक्षीत शिरतो. या धातूत कथिल असतं, ते २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं, म्हणून साचा टिकतो. मग वर तांब्याचा थर, बहुतेकदा निकेलचाही, शेवटी सोन्याच्या पाण्यात काही सेकंद. वर लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, तोही स्वस्त मालात चुकवतात.
'मायक्रो' हे माप नव्हे. थर किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) ते विचारा. अमेरिकेतल्या व्यापाराच्या नियमांत ०.१७५ मायक्रॉनहून पातळ थराला नुसतं 'फ्लॅश' म्हणतात. एवढ्या पातळ थराला बारीक छिद्रं राहतात.

पणजीकर_काका: त्यापेक्षा दर महिन्याला एक ग्रॅम खरं सोनं घेऊन ठेवावं.

पेडणेकर७: काका, बाईंना माल विकायचा आहे.

सासष्टीची_लेक: निकेलनं माझ्या मुलीचे कान चिघळले होते. युरोपात टोचलेल्या कानात घालायच्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटर ०.२ मायक्रोग्रॅम एवढंच निकेल सुटलेलं चालतं. विकणाऱ्यांनी हे विचारायलाच हवं.

नाट्यवेडा_फोंडा: ठुशी कानात कुठे घालतात? आणि पॉलिश मी नव्या मालावरच लावतो, काळ्यावर लावा असं म्हटलं नाही.

मुलामा: नव्यावर लावा, हरकत नाही. पण घामानं ते सुटतं.

म्हापशाची_बाय: भांडू नका हो. माल राजकोटचाच. फोटो चढत नाही. मणी काळे, पदकं ठीक. कोणी घातल्याही नाहीत, डब्यातच होत्या.

मुलामा: मग घाम नव्हे. बांधल्या कशानं होत्या?

म्हापशाची_बाय: सहा-सहाच्या जुड्या करून रबर बँड लावले. का?

मुलामा: तेच! रबर घट्ट करायला त्यात गंधक घालतात. थराच्या छिद्रांतून गंधक पोचलं की खालचं तांबं-पितळ काळं पडतं. त्यात पावसाची ओल आणि बंद डबा. बँडच्या रेषेत जास्त काळं आहे का, बघा.

म्हापशाची_बाय: आत्ताच बघितलं. बँडखालचे मणी कोळशासारखे, टोकाचे नुसते मळकट.

मुलामा: मळकट असतील त्या कोरड्या मऊ कापडानं हलक्या हातानं पुसा. चिंच, लिंबू, टूथपेस्ट मुळीच नको, आहे तो थरही जाईल. कोळसा झालेल्यांना लॅकर उतरवून पुन्हा प्लेटिंग लागेल. त्यासाठी मणी सुटे करून परत ओवावे लागतात, अकरा दिवसांत होणं कठीण. त्यांचे पैसे परत करा. पुढे सुती दोऱ्यानं बांधा, एकेक बंद पिशवीत ठेवा.

म्हापशाची_बाय: १९ पुसून उजळल्या. बाकीच्यांना फोन करते. रबर सगळे टाकले.

नाट्यवेडा_फोंडा: आमचे मुकुट रबरानंच बांधलेत. पेटी उघडायला चाललो.