‘लकी ड्रॅगन’वरचे कुबोयामा कशाने गेले: अणुराखेने की काविळीने?

दर्यावर्दी_७२
१ मार्च १९५४, पहाट. अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची ‘कॅसल ब्राव्हो’ चाचणी केली. अंदाज साधारण ६ मेगाटनचा, स्फोट झाला १५ मेगाटनचा. सुमारे १६० किमीवर ‘दाइगो फुकुर्‍यू मारू’ म्हणजेच ‘लकी ड्रॅगन’ ही ट्यूना मासे धरणारी जपानी लाकडी बोट होती, २३ खलाशांची. पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखा उजेड झाला आणि काही तासांनी पांढरी भुकटी पडू लागली. जळलेलं प्रवाळ होतं ते. डेकवर पावलं उमटावीत इतकी राख. काय आहे म्हणून एकाने ती चाटूनही पाहिली!

१४ मार्चला यायझू बंदरात पोचेपर्यंत चेहरे काळवंडले होते, केस गळत होते. रेडिओ ऑपरेटर कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबरला वारले, अवघे ४० वर्षांचे. जपानी डॉक्टर म्हणाले किरणोत्सर्ग. अमेरिकेने बोट दाखवलं रक्त चढवल्याने झालेल्या काविळीकडे. मला हा वादच अन्यायाचा वाटतो. ती कावीळही बॉम्बचीच.

डॉ_निशिगंध
असहमत. यकृत निकामी होऊन माणूस गेला, तर ते तसंच लिहायला हवं. पुढे वाचलेल्या खलाशांपैकी अनेकांच्या रक्तात हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा, यकृत बिघडवणारा विषाणू सापडला. तो विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये, म्हणजे १९५४ मध्ये रक्त तपासून देण्याची सोयच नव्हती. भावनेच्या भरात सगळंच किरणोत्सर्गाच्या खात्यावर टाकलं, तर खरी हानी मोजणार कशी?

दर्यावर्दी_७२
डॉक्टर, पण रक्त चढवावं का लागलं? पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या म्हणूनच ना? धडधाकट माणूस मासे धरायला गेला होता.

सरळमार्गी
थोडा दोष बोटीचाही आहे. एवढा उजेड दिसला, आवाज आला, तरी दोरी ओढत तासन्‌तास तिथेच थांबले. लगेच निघाले असते तर राख कमी बसली असती.

इंजिनरूम
बोटीवर नोकरी केली आहे, म्हणून बोलतो. लाँगलाइन म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेली गळांची दोरी. ती तोडून निघायचं म्हणजे मालकाचं भांडवल आणि खलाशांची कमाई समुद्रात सोडायची. आणि कशाला घाबरून? जाहीर केलेल्या धोकाक्षेत्राच्या बाहेर होते ते. अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्राउस यांनी बोट क्षेत्राच्या आत असावी असं सुचवलं, पण स्फोटानंतर ते क्षेत्र कितीतरी पटींनी वाढवलं कोणी? राखेत विष आहे हे त्या पोरांना सांगितलं कोणी?

सरळमार्गी
मान्य. थांबण्याबद्दल मी घाईने लिहिलं. पण अमेरिकेने २० लाख डॉलर दिलेच की.

दर्यावर्दी_७२
दिले, १९५५च्या जानेवारीत. कायदेशीर जबाबदारी न मानता, सदिच्छा म्हणून. त्याआधी, १९५४ संपताना, जपानने बंदरांवरची ट्यूनाची तपासणी बंद केली होती. त्या वर्षी ८००हून अधिक बोटींनी दूषित मासळी आणली होती. मासळी फेकली. त्या बोटींवरच्या माणसांचं काय? आपण सगळे एका कुबोयामांवर भांडतो आहोत, बाकीच्यांना तर कोणी नीट तपासलंही नाही. बिकिनीजवळच्या रोंगेलाप बेटावरच्या लोकांवर तीच राख पडली, त्यांना हलवलं दोन दिवसांनी.

डॉ_निशिगंध
हा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो, कावीळ की किरणोत्सर्ग यापेक्षाही. आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर आधी तात्काळ कारण लिहितात, मग खालच्या ओळींत त्यामागची कारणं. मी दाखला भरला असता तर पहिल्या ओळीत यकृतच लिहिलं असतं. त्यावरून मी हटणार नाही. सर्वांत खालच्या ओळीत किरणोत्सर्ग.

दर्यावर्दी_७२
त्या खालच्या ओळीसाठीच मी हा धागा काढला. अमेरिकेला तीच नको होती.

इंजिनरूम
बोट आजही टोकियोत युमेनोशिमाला जतन केलेली आहे. जपानला जाणाऱ्यांनी डेकपाशी जरूर उभं राहा. केवढीशी आहे ती.