टायगरवाला फॉरवर्ड

प्रभाकाकू, बी-४०१: विमानाने टँक फोडल्याचा तोच व्हिडिओ परत? ग्रुप सूचनांसाठी आहे ना? की नियम फक्त आमच्या सुप्रभातला?

मानेकाका, ए-२०३: इतिहास आहे, वहिनी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पी-४७ विमानाच्या गोळ्या रस्त्यावरून उसळून जर्मनांच्या टायगर टँकच्या पोटात शिरायच्या. खालचा पत्रा पातळ.

अनिकेत, सी-१०४: काका, पातळ म्हणजे २५ मिमी पोलाद. गोळी १२.७ मिमीची, जेमतेम ४५ ग्रॅम. रस्त्यावर आपटली की वेग जातो, वर गिरक्या खात उडते. त्यात १५ अंशांत पत्र्याला घासणार. आत घुसायला उरतो वेगाचा चौथा हिस्सा, म्हणजे ऊर्जेचा पंधरावा. ओरखडा उठेल फार तर.

मानेकाका: वैमानिकांनी धूर पाहिलाय!

अनिकेत: बाहेर बांधलेलं सामान पेटलं तरी धूर येतोच. ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्सात मॉर्टेनला लढाईनंतर टँक मोजले. हवेतून फोडल्याचे दावे ढीगभर, प्रत्यक्षात सापडले फार थोडे.

सचिव: कृपया विषयाला धरून बोलावे.

शहा, ए-५०२: कोणत्या? लिफ्ट की टायगर? लिफ्टवर तुमचं उत्तर अजून यायचंय.

सचिव: मीटिंगला यायचं नाही आणि इथे टोमणे. चालू द्या.

रोहिणीताई: ते अमेरिकेचं आताचं ए-१० विमान तोफ झाडताना हवेत थांबतं म्हणे?

अनिकेत: छे. तोफेचा मागे धक्का साधारण ४५ किलोन्यूटन, दोन इंजिनांचा जोर मिळून ८०. विमान १४ टन धरा. इंजिनांचा जोर धरलाच नाही तरी सेकंदभराच्या फैरीत ताशी १०-१२ किमी कमी, बस्स. गंमत पुढेच आहे. सात नळ्यांची तोफ मुद्दाम डावीकडे सरकवलीय, म्हणजे झाडणारी नळी बरोबर मध्यरेषेवर येते. नाहीतर दर फैरीला नाक वळेल. म्हणून पुढचं चाक उजवीकडे ढकललंय.

शहा: एवढा धक्का, तर टँक उलटत असेल!

अनिकेत: त्या तोफेची ४०० ग्रॅमची गोळी, सेकंदाला १००० मीटर. ५७ टनांच्या टायगरला सेकंदाला ७ मिलिमीटर सरकवेल. धक्क्याने काही होत नाही, भोक पडलं तरच.

मानेकाका: पण उसळून खालून गेली तर? पोट पातळ असतं.

प्रभाकाकू: अहो भाऊजी, झालं ना त्याचं सांगून! अनिकेत, मग भोक पाडायचे तरी कुठून?

अनिकेत: मागून, काकू. जर्मनांचं जू ८७ जी विमान पंखाखाली दोन ३७ मिमी तोफा घेऊन रशियन टँकवर इंजिनाच्या बाजूनेच यायचं. तिथे चिलखत पातळ, वर हवेच्या जाळ्या. जर्मनांविरुद्धच्या विमानांनी सरळ त्यांचे इंधनाचे ट्रक टिपले. पेट्रोल आलं नाही की टायगर जागच्या जागी.