बर्फावर शिकायला जाणाऱ्यांना नी-पॅड सक्तीचे करावेत का?

उत्तरवारा, पुणे

गुलमर्ग, औली किंवा सोलंगला स्की किंवा स्नोबोर्ड शिकायला जाणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला हेल्मेटसोबत नी-पॅडही द्यावेत आणि ते घातल्याशिवाय बर्फावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

गुलमर्गच्या खालच्या सोप्या उतारांवर स्नोबोर्ड शिकणाऱ्यांकडे नीट बघा. पट्टे बांधायला गुडघ्यांवर, पुढे पडले की गुडघ्यांवर, उठायचं तेही गुडघ्यांवरून. दुपारी उन्हाने वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळच्या पहिल्या बॅचला मिळतो तो टणक, खडबडीत उतार. दुसऱ्याच दिवशी गुडघा सुजला की उरलेला कोर्स खोलीत बसून काढायचा. रजा गेली, प्रवासखर्च गेला, आणि माणूस पुन्हा बर्फाचं नाव काढत नाही. स्केटिंगच्या दुकानात मिळणारे साधे पॅडही हे टाळू शकतात. मग सक्ती का नको?

आल्प्सवासी, म्युनिक

सक्तीला माझा विरोध आहे, आणि कारण पैशाचं नाही.

स्कीवर गुडघा जातो तो आपटून नाही, पिळवटून. नेहमीचा प्रकार असा: माणूस तोल जाऊन मागे बसतो, बूड गुडघ्यांच्या खाली जातं, सगळं वजन दरीकडच्या स्कीच्या मागच्या टोकावर, आतल्या कडेवर येतं. ते टोक बर्फात रुतून वळतं. स्कीबूट घोट्याला हलू देत नाही, त्यामुळे लांब स्कीचा सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. नडगी आत वळते, मांडी तिथेच राहते आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडी आणि नडगीच्या हाडांना बांधून ठेवणारा लिगामेंट, फाटतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये एटलिंगर, जॉन्सन आणि शीली या तिघांनी ही क्रिया अभ्यासून तिला ‘फँटम फूट’ नाव दिलं. यात गुडघ्याची वाटी कशावरही आपटतच नाही. मग वाटीवर बांधलेला फोम वाचवणार काय?

अमेरिकेची स्कीपटू लिंडसे व्हॉनचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१३, ऑस्ट्रियातलं श्लाडमिंग, जागतिक स्पर्धेतली सुपर-जी ही भरधाव उताराची शर्यत. उडीनंतर ती कोसळली, उजव्या गुडघ्याचे दोन लिगामेंट फाटले आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक मोडलं. जगातली कुठलीही गादी त्या पिळापुढे निरुपयोगी होती. नवशिक्याला पॅड बांधून ‘आता गुडघा सुरक्षित’ असं वाटायला लावणं मला धोक्याचं वाटतं.

बर्फवेडी, कॅलगरी

तुम्ही दोघं दोन वेगळ्या खेळांबद्दल बोलताय. आल्प्सवासी स्कीबद्दल बरोबर सांगतात, पण स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात. एक पाय इकडे, दुसरा तिकडे असं होत नाही, म्हणून तो पीळ एरवी फारसा येत नाही. आम्हा स्नोबोर्डवाल्यांची सर्वांत जास्त मोडतात ती मनगटं. पुढच्या कडेवर घसरलं की हात आणि गुडघे, मागच्या कडेवर घसरलं की माकडहाड. म्हणून मी नी-पॅड घालते आणि कुणी कितीही समजावलं तरी घालणारच.

मात्र सक्तीच करायची तर आधी मनगटाच्या गार्डची करा. २००१ मध्ये नॉर्वेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाच हजारांवर स्नोबोर्डर होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कुणाला गार्ड द्यायचं हे ठरवलं होतं. गार्डवाल्या गटात मनगटाच्या ८ दुखापती झाल्या, दुसऱ्या गटात २९. नी-पॅडच्या बाजूने मांडायला इतकं भक्कम काही माझ्याकडे नाही. मी माझ्या गुडघ्यांच्या अनुभवावरून बोलते आहे.

आणि उत्तरवारा, स्केटिंगचे पॅड कृपया कुणाला सुचवू नका. बाहेरची प्लास्टिकची वाटी स्की-पँटच्या आत सरकते आणि थोड्या वेळात पॅड नडगीवर उतरलेला असतो. पँटवरून बांधला तर पट्ट्यांत बर्फ भरतो. पायमोज्यासारखा चढणारा, मऊ गादीचा, पँटच्या आत बसणारा घ्या. मोटरसायकलचे पॅड घेणार असाल तर ईएन १६२१-१ हे मानक बघा. ५० ज्यूलच्या आघातातून पलीकडे पोचणारा जोर लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ मध्ये २० पर्यंत. काही फोम थंडीत दगड होतात, म्हणून ते घरी हातात मऊ लागले यावर विसंबू नका.

फिजिओ, नाशिक

इथे एक गोष्ट स्पष्ट करणं गरजेचं आहे, कारण पेशंट रोज गल्लत करतात. मेडिकलच्या दुकानातली ताणणारी नी-कॅप ऊब देते, आधाराची जाणीव देते. ती ना मार झेलते ना पीळ. नी-पॅड मार झेलतो. बिजागरीचा ब्रेस वेगळाच, तो गुडघ्याच्या हालचालीला मर्यादा घालतो. एसीएलचं ऑपरेशन झालेल्या, स्की-रिसॉर्टमध्ये नोकरी करणाऱ्या स्कीअर्सचा एक अमेरिकी अभ्यास २००६ मध्ये आला होता. त्यात ब्रेस न घालणाऱ्यांना पुन्हा गुडघ्याची दुखापत होण्याचं प्रमाण ब्रेसवाल्यांच्या सुमारे पावणेतीन पट निघालं. पण ते ऑपरेशन झालेले गुडघे होते. धडधाकट माणसाने त्यावरून ब्रेस विकत घ्यायला धावू नये.

जायच्या आधीचे दोन महिने पायांवर घालवा. सिंहगड चढताना सगळे घाम गाळतात आणि उतरताना धावत सुटतात. स्कीसाठी खरा सराव सावकाश, गुडघे किंचित वाकवून उतरण्याचा आहे. मांडीचे मागचे स्नायू दुबळे ठेवून बर्फावर जाऊ नका, एसीएलला साथ देणारे तेच आहेत.

उत्तरवारा, पुणे

स्केटिंगच्या पॅडबद्दलचं मान्य. मूळ मागणी मात्र सोडत नाही.

आल्प्सवासी, ‘खोटी सुरक्षितता वाटेल’ हा आक्षेप हेल्मेटच्या वेळीही घेतला गेला होता. हेल्मेट घालणारे जास्त बेफाम होतात का, हे बऱ्याच अभ्यासांनी तपासलं आणि बहुतेकांना तसं आढळलं नाही. मग गुडघ्याच्या बाबतीतच माणूस बेफाम होईल असं का धरायचं?

पॅड फक्त स्नोबोर्डचेच असंही नाही. टेलिमार्क या स्कीच्या प्रकारात टाच मोकळी असते आणि प्रत्येक वळणाला मागचा गुडघा स्कीजवळ खाली जातो. ती मंडळी कडक वाटीचे पॅड पूर्वीपासून वापरतात, कारण बर्फाखालचा दगड कधी लागेल याचा नेम नाही.

डोंगरभटक्या, ठाणे

दगडाचा मुद्दा गुलमर्गला फार लागू आहे. जानेवारी २०२४ आठवा. ऐन हंगामात महिन्याचा बराच काळ तिथे बर्फच नव्हता, महिनाअखेरीस पडू लागला. बर्फाचा थर पातळ असताना दगड आणि झुडपांचे खुंट वर डोकावतात. युरोपातल्या रोज मशीनने सारखे केलेल्या उतारांवर बसून इथल्या पॅडचा निर्णय देऊ नये. उत्तरवारा यांना अनुमोदन.

आल्प्सवासी, म्युनिक

दगडांवर पातळ बर्फ असेल तर तिथे नवशिक्यांची बॅच नेणंच चूक आहे. पॅड हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही.

हेल्मेटशी तुलना मला पटत नाही. हेल्मेटने डोक्याच्या दुखापती कमी होतात हे दिसलं आहे, म्हणून सक्तीला पाया आहे. सक्तीच हवी तर ती बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीच्या, तपासणीची करा. भाड्याच्या दुकानात वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि शिकाऊ की सराईत हे विचारून, किती जोर आला की ती सुटावी याचा आकडा लावायचा असतो. कितीतरी ठिकाणी आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहतो. आपली माणसंही लाजेखातर वजन कमी सांगतात किंवा ‘स्की सुटते, जरा घट्ट करा’ म्हणतात. बाइंडिंग पुढे बाजूला आणि टाचेकडे वर सुटतं, त्याने मुख्यतः नडगीचं हाड वाचतं. एसीएलची हमी तेही देत नाही, हे मीच सांगून टाकतो.

एसीएलसाठी उरतं ते पडण्याचं शिक्षण. त्याच व्हरमाँटच्या तिघांनी स्की-पेट्रोल (उतारांवर मदत-बचाव करणारे) आणि प्रशिक्षकांना व्हिडिओ दाखवून गुडघा कसा जातो ते शिकवलं. गंभीर दुखापती ६२ टक्क्यांनी घटल्या. हात पुढे ठेवा, पाय जवळ आणा, पडलात तर पडू द्या, घसरणं थांबेपर्यंत उठायची धडपड करू नका. याला एक रुपया लागत नाही, आणि कोर्सच्या पहिल्या तासाला हे शिकवलं जात नसेल तर मला त्याचा राग येतो.

बर्फवेडी, कॅलगरी

शिकवा की! पण माझ्या बॅचच्या मुलीला पहिल्या तासाला पुढच्या कडेवर पडायचंच आहे, आणि तिचे गुडघे तिथे असणार आहेत.

उत्तरवारा, पुणे

मग स्नोबोर्डच्या बॅचपुरती तरी सक्ती ठेवा: मनगटाचे गार्ड आणि नी-पॅड दोन्ही, भाड्याच्या सामानातच, सगळ्या मापांत. स्कीच्या बॅचला बाइंडिंगचा आकडा लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात द्या. मी पुढच्या कोर्सचा अर्ज भरताना या दोन्ही गोष्टी लेखी विचारणार आहे. इथले आणखी कोणी जाणार असतील तर त्यांनीही विचाराव्यात.

आल्प्सवासी, म्युनिक

चिठ्ठीला पूर्ण पाठिंबा. पॅडची सक्ती मोठ्या माणसांवर नको, हे मत कायम.