कुत्र्याचे पोट बिघडले की स्निग्धांश बंद, हा सरसकट नियम योग्य आहे का?

धागालेखिका

आमच्या तीन वर्षांच्या जर्मन शेफर्ड कुत्रीला चार महिने सतत जुलाब होत होते. पहिल्याच भेटीत तूप, दूध, अंड्याचा बलक बंद करून फक्त उकडलेले कोंबडीचे मांस आणि भात द्यावा, असा सल्ला मिळाला आणि तो आम्ही अडीच महिने निष्ठेने पाळला. तेवढ्या काळात तिचे वजन २८ किलोवरून २२ किलोवर आले. भूक मात्र अनावर होती, आणि शौच फिकट, भरपूर व अतिशय दुर्गंधीयुक्त होत असे. पुढे दुसऱ्या पशुवैद्यांनी रक्ताची टीएलआय चाचणी (स्वादुपिंडाचे काम तपासणारी) करवून घेतली, तेव्हा तिचे स्वादुपिंड पाचक विकरे (एन्झाइम) जवळजवळ तयारच करत नाही, हे कळले. आता प्रत्येक जेवणात विकरांची पूड मिसळतो, ब-१२ ची इंजेक्शने दिली आहेत, स्निग्धांश पूर्वीइतका केला आहे आणि वजन पुन्हा चढू लागले आहे.

एक ग्रॅम स्निग्धांशातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, प्रथिने किंवा पिष्टातून सुमारे ४. जे जनावर आधीच खंगत चालले आहे, त्याच्या ताटातून आपण सर्वांत दाट ऊर्जाच काढून घेतो. स्वादुपिंडाच्या या विकारात पूर्वी कमी स्निग्धांशाचाच आहार सांगत असत. विकरे नीट दिली तर बहुतेक कुत्र्यांना त्याची गरज नसते, असे आता मानले जाते. तीन आठवड्यांहून जास्त चाललेल्या पोटाच्या तक्रारीला जुनाट म्हणतात, पण त्या एका शब्दाखाली अनेक वेगवेगळे आजार येतात. त्यामुळे कारण शोधल्याशिवाय स्निग्धांश तोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (यॉर्कशायर टेरियरचा पालक)

ताई, तुमच्या कुत्रीचे हाल वाचून वाईट वाटले, पण निष्कर्ष पटला नाही. आमच्या यॉर्कीच्या पोटात पाणी साठले होते आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन १.४ ग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत उतरले होते. निदान झाले लिंफँजिएक्टेशियाचे, म्हणजे आतड्यातल्या लसिकावाहिन्या (लिंफ हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिका) फुगण्याचे. आहारातला बहुतेक स्निग्धांश आतड्यातून थेट रक्तात न जाता लसिकावाहिन्यांतून जातो. त्या वाहिन्याच फुगून गळत असतील, तर प्रत्येक स्निग्ध घासाबरोबर लसिकेचा प्रवाह वाढतो आणि शरीराची प्रथिने आतड्यात वाहून जातात. स्निग्धांश अगदी कमी केल्यावर त्याच्या पोटातले पाणी ओसरले आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची मात्राही हळूहळू निम्म्यावर आणता आली. आम्ही सगळ्या चाचण्यांची वाट पाहत बसलो असतो, तर तो वाचला नसता. दोन-तीन आठवडे स्निग्धांश कमी केल्याने सहसा फार बिघडत नाही. स्वादुपिंडाला सूज असताना किंवा लसिकावाहिन्या गळत असताना तो चालू ठेवला, तर फार बिघडू शकते.

प्रतिसाद २ (पशुवैद्य, तालुक्याचे ठिकाण)

माझ्याकडे एंडोस्कोपीची सोय नाही आणि टीएलआयसाठी नमुना दुसऱ्या शहरात पाठवावा लागतो. त्यामुळे आहारबदल हीच माझी पहिली चाचणी असते, आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. मी ‘स्निग्धांश कमी करा’ म्हणतो, तेव्हा खरे तर तूप लावलेली पोळी, बिस्किटे, पनीर आणि मटणाचा उरलेला रस्सा मला थांबवायचा असतो. त्या रश्शातला कांदा-लसूण तर कुत्र्याला विषारीच आहे.

वेष्टनावरचे आकडे मात्र पालक चुकीचे वाचतात. ओल्या डब्यावर स्निग्धांश ४ टक्के आणि पाणी ७८ टक्के असेल, तर पाणी वगळता तो सुमारे १८ टक्के होतो. कोरड्या खाद्यावरचे ७ टक्के, १० टक्के पाणी वगळूनही, आठाच्या आतच राहतात. म्हणजे ‘कमी’ वाटणारा डबाच जास्त स्निग्ध निघतो. खोबरेल तेल हलके म्हणून देणाऱ्यांनाही सांगतो, त्याचा जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्ल या स्निग्धाम्लाचा असतो आणि तो बराचसा लसिकावाहिन्यांतूनच जातो.

धागालेखिका

यॉर्कीच्या बाबतीत मी पूर्ण सहमत आहे. तिथे स्निग्धांश तोडणे हाच उपचार होता, कारण आजार काय आहे हे तुम्हाला माहीत होते. डॉक्टरसाहेब, आहार ही चाचणी असेल तर तिला शेवटची तारीख हवी, आणि ती आम्हाला कोणी सांगितली नाही. शिवाय आतड्याच्या जुनाट सुजेतली अनेक कुत्री प्रथिनाचा स्रोत बदलल्यावर सुधारतात, आणि तो फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसू लागतो. ज्याला कोंबडीच सोसत नाही, त्याला कोंबडी-भातावर ठेवून काय कळणार? त्या भातात कॅल्शियम जवळजवळ नसते आणि लिनोलेइक आम्ल हे आवश्यक स्निग्धाम्ल अपुरे पडू शकते, म्हणजे महिनोन्महिने चालवण्यासारखा तो आहारच नाही.

प्रतिसाद २ (पशुवैद्य)

मुदतीचा मुद्दा मान्य. मी तीन आठवडे सांगतो आणि दर आठवड्याला वजन करायला बोलावतो. वजन घटले, तर आहार तिथेच थांबवून नमुना पाठवतो. तरीही सुरुवात मी स्निग्धांशापासूनच करीन, कारण वेगळ्या प्रथिनाचे तयार खाद्य माझ्या गावातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

प्रतिसाद १ (यॉर्कशायर टेरियरचा पालक)

केवळ काट्यावर विसंबू नका, एवढीच विनंती. आमच्या यॉर्कीचे वजन आजारपणात उलट वाढले होते. ते पोटातले पाणी होते, आणि पाठीचा कणा मात्र हाताला टोचत होता. वजन करताना पाठीवरून आणि मांड्यांवरून हात फिरवून स्नायू किती उरले आहेत ते पाहा, आणि अल्ब्युमिन तपासा. ती चाचणी तालुक्यालाही होऊ शकते.