मदत हवी आहे : रोजच्या प्रवासातही संपूर्ण संरक्षक पोशाख घालावा का?

नमस्कार मंडळी,

मी रोज चिंचवडहून चाकणला दुचाकीने कामावर जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट बंधनकारक आहे आणि आयएसआय चिन्हाचे हेल्मेट मी न चुकता वापरतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गेल्या महिन्यात वळणावर सांडलेल्या वाळूवरून गाडी घसरली. वेग जेमतेम ३० असेल, डोक्याला काहीच झाले नाही, परंतु हात टेकल्यामुळे दोन्ही तळवे सोलवटले आणि घोटा आठवडाभर सुजलेला होता. (चपला घालून निघालो होतो, ही चूक माझीच.)

तेव्हापासून हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट सुरू केले आहेत. जॅकेट आणि गुडघ्यांच्या संरक्षकांबाबत मात्र निर्णय होत नाही, कारण मे महिन्यात सिग्नलला उभे असताना जाड जॅकेटमध्ये घेरी येऊ लागली तर तोही एक धोकाच ठरेल. जाळीदार जॅकेटमध्ये हवा खेळते हे खरे, पण घसरल्यावर ते कापड डांबरावर कितपत टिकते? दुचाकीस्वारांच्या संरक्षक कपड्यांसाठीच्या ईएन १७०९२ या युरोपीय मानकातील ‘ए’ श्रेणी शहरातल्या वेगासाठी पुरेशी आहे की त्याहून वरच्या संरक्षणाचे ‘डबल ए’च घ्यावे? खांदे व कोपरांसाठी लेव्हल १ ऐवजी धक्का अधिक शोषणारे लेव्हल २ चे पॅड घेतल्यास उकाडा जाणवण्याइतका वाढतो का?

जे सदस्य बारमाही असा पोशाख वापरतात, त्यांनी कृपया स्वतःचा अनुभव सांगावा. कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर हे सगळे ठेवता कुठे, तेही लिहावे.