भिजलेलं मांजराचं पिल्लू सापडलंय, आजची रात्र कशी काढू?

दळणाची_पिशवी (ऐरोली), रात्री ९:२०

मंडळी, घाईत लिहितेय. सव्वासातला दळण आणायला खाली उतरले तर मीटरच्या खोलीपाशी काहीतरी किंचाळत होतं. वाकून पाहिलं तर मांजराचं पिल्लू, पागोळ्यांखाली बसून चिंब झालेलं. आई म्हणाली, मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते, ती येईल न्यायला, हात लावू नकोस. तासभर जिन्यात उभी राहून वाट पाहिली. आली नाही. वॉचमनकाका म्हणाले, काल दुपारपासून हे एकटंच ओरडतंय. मग ओढणीत गुंडाळून वर आणलं.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ३१० ग्रॅम भरलं. करड्या पट्ट्यांचं आहे, शेपटीचं टोक पांढरं. डावा डोळा चिपडांनी पूर्ण चिकटलाय, उजवा अर्धा उघडा आहे. चालताना मागचे पाय फाकतात. मघापर्यंत ओरडत होतं, आता गप्प पडलंय, आणि त्याचीच भीती वाटतेय.

गाईचं दूध कोमट करून ठेवलंय, कापसाने पाजू का? अंगात पिसवा पळताना दिसतायत, आंघोळ घालू का? उचलताना माझ्या अंगठ्याला ओरखडा आला, रक्ताचा थेंबही आला. शिवाय वहिनीला सहावा महिना आहे, त्यामुळे आई घाबरलीय. जवळचे डॉक्टर सकाळी दहालाच भेटतील.

चेंदणीचे_काका (ठाणे), रात्री ९:३१

ताई, ते दूध आधी बाजूला ठेवा. पिल्लू गप्प झालंय ते गारठ्याने. त्याच्या तोंडात करंगळीचं टोक घालून बघा. आत गार लागलं तर ऊब येईपर्यंत पोटात काहीही घालायचं नाही. थंड पडलेल्या पिल्लाचं पचन थांबलेलं असतं आणि त्याला धड गिळताही येत नाही. पाजलेलं एक तर पोटात तसंच राहतं, नाही तर फुप्फुसात जातं.

कोरड्या टॉवेलने टिपून घ्या, चोळू नका. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, टॉवेलात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी हवी, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकता येईल. वरून एखादी जुनी सुती साडी टाका. एकदम कडक शेक देऊ नका, हळूहळू तासाभरात अंग गरम होऊ दे. बाटली गार पडली की पाणी बदला, रात्रभर.

हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. २६ जुलै २००५च्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी आमच्या कोळीवाड्यात एका होडीखाली मला असंच एक पिल्लू मिळालं होतं. काळं, एवढंसं, मुठीत मावेल असं. मी त्याला आधी म्हशीचं दूध पाजलं. भुकेलं आहे, पोटात काही गेलं की तरतरी येईल असं वाटलं. उताणं धरून ड्रॉपरने पाजलं. त्याच्या नाकातून दुधाचा एक बुडबुडा आला. तो मी बोटाने पुसला आणि पाजत राहिलो. पहाटे ते गेलं. पुढे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं की मी तीन चुका केल्या होत्या: अंग गार असताना पाजलं, उताणं धरून पाजलं आणि म्हशीचं दूध पाजलं. त्यानंतर बरीच पिल्लं वाढवली, पण तो बुडबुडा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून सांगतो. तोंडाला ऊब आली की उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडी ग्लुकोज पावडर घाला आणि बोटाने हिरड्यांना लावा. चाटायला लागलं तर थेंब थेंब द्या. तोवर घरातल्या कुणाला तरी दुकानात पिटाळा, प्राण्यांची दुकानं दहापर्यंत उघडी असतात. मांजराच्या पिल्लांची दूध पावडर मागा, कुत्र्याची नको. गाई-म्हशीच्या दुधाने बहुतेक पिल्लांना जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी बघता बघता निघून जातं.

पाजताना चार पायांवर, पोटावर ठेवायचं, आईखाली पडून पितं तसं. मान वर ताणायची नाही. सुई काढलेली सिरिंज ओठांच्या कडेला लावा आणि ते गिळेल तसं हळूहळू सोडा. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा, पुसा. ३१० ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी दहा-बारा मिली मावतं, पण आज निम्म्यावर थांबा. दर तीन-चार तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा.

वजनावरून तीन आठवड्यांचं असावं. या वयात आपली आपण शू नीट होत नाही, मांजरी चाटते तेव्हा होते. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसत राहा.

डोळ्यासाठी उकळून कोमट केलेलं पाणी आणि कापूस. दोन मिनिटं नुसता ठेवा, चिपडं मऊ पडली की नाकाकडून बाहेर पुसा, ओढून उघडू नका. दर वेळी नवा कापूस घ्या. घरात कुणाचे डोळ्याचे थेंब उरले असतील तर ते घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं आणि बुबुळाला जखम असली तर डोळा जाऊ शकतो.

आंघोळ आज अजिबात नको. पिसवांसाठी बारीक दातांची फणी फिरवा आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. कुत्र्याची पिसवांची पावडर लावू नका, त्यातलं पर्मेथ्रिन मांजराला मारतं. हिरड्या मात्र बघून ठेवा. पांढऱ्याफटक असतील तर पिसवांनी रक्त ओढलंय असं समजा आणि सकाळी डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच सांगा. लादी आज फिनेलने पुसू नका, ते पंजाला लागून चाटलं जातं.

वाशीची_सिस्टर, रात्री ९:४४

पिल्लाचं काकांनी सगळं सांगितलंय, मी अंगठ्याचं सांगते. आत्ता उठ आणि नळाच्या धारेखाली साबण लावून पंधरा मिनिटं धू, घड्याळ लावून. त्यावर हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, पट्टीही बांधायची नाही. सकाळी महापालिकेच्या हॉस्पिटलात जा, रेबीजची लस तिथे मोफत मिळते. पहिल्या डोसचा दिवस शून्य धरला तर पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एखाद्या ठिकाणी चौदाव्या दिवशीही बोलावतात, ते सांगतील तसं कर. रक्त आलंय म्हणजे लसीसोबत जखमेत द्यायचं सीरमही लागू शकतं, ते स्वतःहून विचार. पिल्लू लहान आहे म्हणून टाळू नकोस. ओरखडे लहान पिल्लांचेच जास्त येतात आणि लोक तेच अंगावर काढतात. माझ्या वॉर्डात मी हे फार बघितलंय.

वहिनीचं म्हणशील तर टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती असते, ती मांजराच्या विष्ठेतून. ती विष्ठा बाहेर पडल्या पडल्या नाही, किमान एक दिवस पडून राहिली की धोक्याची होते. म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि तो वहिनीने करायचा नाही, एवढं पाळा. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेली पालेभाजी यांचं पथ्य त्याहून महत्त्वाचं आहे. तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवा, म्हणजे आईंचाही जीव शांत राहील.

गच्चीवरची_भाटी (कोपरखैरणे), रात्री १०:१५

माणसाचा हात लागला की मांजरी पिल्लू टाकते असं लोक म्हणतात, ते खरं नाही. पण काल दुपारपासून आली नाही म्हणजे तिचंच काही बरंवाईट झालं असेल, किंवा ती बाकीची पिल्लं घेऊन दुसरीकडे अडकली असेल. सकाळी पाऊस थांबला की मीटरच्या खोलीपाशी सुकट ठेवून बघा. सापडलीच तर पिल्लांचं दूध सुटल्यावर तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. नाहीतर पुढच्या पावसात हाच धागा पुन्हा निघेल. आणि इथल्या डॉक्टरांनी हात टेकले तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल लक्षात ठेवा.

दळणाची_पिशवी, रात्री १:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा धावत गेला, दुकानवाला शटर ओढत होता, तरी पावडर मिळाली. पावणेअकरापर्यंत तोंड गारच होतं. आई म्हणाली, आता काही राहत नाही हे. मग मी ते बाटलीसकट मांडीवर घेऊन बसले. साडेअकराला त्याने माझं बोट चोखलं. त्या जिभेला काटे असतात हे मला आज कळलं. पोटावर ठेवून पाच मिली दिलं, नाकातून काही आलं नाही. कापसाने पुसल्यावर शू झाली, तेव्हा आईनेच टाळी वाजवली! अंगठा पंधरा मिनिटं धुतला.

चेंदणीचे_काका, रात्री १:१२

जागाच होतो, ताई. शू झाली म्हणजे आतलं चक्र फिरतंय. पुढचं पाजणं साडेतीनला. उद्या वजन त्याच काट्यावर, पाजण्याआधी करा आणि वहीत लिहा. रोज दहा ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं.

दळणाची_पिशवी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७:५०

डॉक्टर म्हणाले, मांजरांची सर्दी आहे. बुबुळ शाबूत आहे, डोळा वाचेल. थेंब दिलेत दिवसातून चार वेळा. हिरड्या फिकट आहेत, पण पांढऱ्या नाहीत. जंताचं औषध थोडी ताकद आल्यावर, लस दोन महिन्यांची झाल्यावर. पिल्लू भाटी आहे, म्हणजे मादी. माझी लस आणि सीरम दोन्ही झालं.

मांजरी आली नाही. सुकट एक बोका खाऊन गेला.

वजन ३१४. काका, चारच ग्रॅम वाढलंय, चालेल का?

चेंदणीचे_काका, रात्री ८:०२

पहिल्या दिवशी घटलं नाही, हेच पुष्कळ आहे. उद्याचा आकडा कळवा. मी बघतो.