घरच्या घरी गाडीचं कूलंट बदललंय का? अनुभव सांगा

चवथीला गावी जायचं म्हणून परवा फोंड्याच्या घरी, अंगणातच आठ वर्षांच्या गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदललं. इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं आणि सकाळी रेडिएटरखालचा प्लग सोडला, तर हिरव्याऐवजी कोऱ्या चहासारखं तांबूस पाणी परातीत आलं. कधीतरी कोणीतरी नुसतं साधं पाणी भरलं होतं. धुवत राहिलो, चौथ्या खेपेला नितळ आलं. शेवटची खेप मात्र डिस्टिल्ड वॉटरची, कारण थोडं पाणी आत उरतंच. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. (डब्यावर 'प्री-मिक्स' असेल तर पाणी अजिबात घालू नका.) तुमचं कसं झालं?

डिचोलीहून : मी विहिरीचं पाणी भरायचो. आमच्या पाण्याने बादलीलासुद्धा तांबडा थर धरतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या कशा टिकणार? चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. गाडी कडेला घेतली, रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही, पाऊण तास थांबलो. गरम असताना झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. शेवटी रेडिएटर नवा घालावा लागला.

म्हापशाहून : माझी चूक हवा काढण्याची. भरलं, झाकण लावलं, निघालो. पर्रा गावी पोचेपर्यंत काटा वर, आणि हीटरमधून थंड वारा! आत हवा अडकली होती. थंड झाल्यावर चढावर नाक वर करून गाडी लावली, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण गरमवर. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबला की बुडबुडे यायचे, पातळी खाली जायची, मी भरत राहायचो. पंखा फिरेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी कूलंटच्या टाकीत पुन्हा वाटीभर लागलं.

मडगावहून : मुलाने काढलेलं कूलंट परातीत ठेवलं आणि तो पाना आणायला आत गेला. तेवढ्यात आमच्या कुत्र्याने चाटलं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. तो अजून शेपटी हलवत होता, तरी उलटीची वाट न बघता तसाच उचलून डॉक्टरांकडे नेला. तीन दिवस सलाइन लावलं, वाचला. आता परातीवर आधी पाट, मग पाना शोधायचा. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुतो आणि जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे देतो.